पुतळीची माळ : व्हेनिसचे नाणे, मराठी दागिना

१/१०
नारायणगावच्या लग्नसराईत पुतळ्यांची माळ दिसणे नवलाचे नाही. तिच्या सोन्याच्या गोल चकत्यांवर आज बहुधा लक्ष्मी किंवा राम-सीता असतात. या चकतीचा मूळपुरुष मात्र मराठी मुलखातला नाही. तो आहे इटलीतील व्हेनिसचा.

२/१०
व्हेनिसच्या टांकसाळीने इ.स. १२८४ मध्ये ‘डुकाट’ हे सोन्याचे नाणे पाडले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपुष्टात येईपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षे, त्याचा कस आणि त्यावरील चित्राची मांडणी जवळपास तीच राहिली.

३/१०
हे चित्र नीट पाहावे. एका बाजूस संत मार्क उभा आहे आणि त्याच्यासमोर व्हेनिसचा राज्यप्रमुख, म्हणजे ‘डोज’, गुडघे टेकून ध्वज स्वीकारत आहे. दुसऱ्या बाजूस लंबगोल प्रभावळीत, ताऱ्यांच्या मधोमध येशू ख्रिस्त उभा आहे.

४/१०
मिरी, मसाले आणि कापडाच्या मोबदल्यात हे सोने तांबड्या समुद्रामार्गे भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यावरील लॅटिन अक्षरे इथे परकी होती. नजरेत भरल्या त्या चिमुकल्या आकृती. त्यावरून नाव पडले ‘पुतळी’. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांच्या यादीत ‘पुतळ्या’ आहेत.

५/१०
खात्रीचे सोने म्हणून पुतळीला मागणी वाढली आणि भारतीय कारागिरांनी तिच्या नकला घडवल्या. नकलेची नकल होता होता लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा उरल्या. संत आणि डोज यांच्या जागी लोकांना राम, सीता, लक्ष्मण दिसू लागले. परके नाणे अशा रीतीने देवाची प्रतिमा झाले.

६/१०
परदेशी नाण्याचा दागिना करण्याची हौस व्हेनिसच्या नाण्याहूनही जुनी आहे. मराठवाड्यातील तेर येथे सातवाहनकाळातील मातीची पदके सापडली आहेत. त्यांवर रोमन नाण्यांची नक्कल असून ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालण्याजोगी आहेत.

७/१०
त्या काळी कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत इरिल, चिट आणि चंद या ‘यवन’ दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचीही नोंद आहे. परदेशी, सोनार आणि व्यापारी मार्ग तेव्हाही एकत्र नांदत होते.

८/१०
तेरची पदके आणि पुतळी यांच्यात हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. त्यामुळे एकातून दुसरे उगवले, असे म्हणता येत नाही. दोन्हींत समान आहे ती वृत्ती : दूरची वस्तू स्वीकारावी, तिला आपला अर्थ द्यावा आणि अंगावर मिरवावी.

९/१०
हा इतिहास नाजूक आहे, कारण सोने वितळते. अस्सल डुकाटवर त्या त्या डोजचे नाव संक्षेपाने असते. त्यावरून नाण्याचा काळ ठरतो. नकलेवरील बिघडलेली अक्षरेही पुरावाच असतात. जुना डाग मोडीत गेला की पावतीवर केवळ वजन उरते. मुशीत गेलेला पुरावा कोणत्याही दप्तरात पुन्हा सापडत नाही.

१०/१०
म्हणून घरातील जुनी माळ मोडण्याआधी प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, वजन टिपावे, कडी कुठे जोडली आहे तेही पाहावे. माळ कोणाकडून कोणाकडे आली, हे आजीला विचारून लिहून ठेवावे. माळ पुढे राहो वा न राहो, तिची नोंद तरी राहील.