टोकियोची मशीद : एका लिपीचे आश्रयस्थान

मशिदीचा इतिहास सांगताना आपण बहुधा घुमट, मिनार आणि त्या उभारणारी सत्ता यांपासून प्रारंभ करतो. टोकियोतील योयोगी-उएहारा भागातील मशिदीचा इतिहास मात्र छापखान्यापासून सांगावा लागतो, असे आम्हांस वाटते.

१९१७ च्या रशियन क्रांतीनंतर व्होल्गा-उरल प्रदेशातील तातार मुसलमान मांचुरियामार्गे जपानात आले. लोकरीचे कापड दारोदार विकून पोट भरणारा हा अगदी लहान समाज. कुर्बान अली यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी टोकियोत आपला ‘मोहल्ला’ संघटित केला, मुलांसाठी शाळा काढली आणि पाठोपाठ अरबी लिपीचा छापखाना घातला. १९३४ मध्ये तेथे कुराण छापले गेले.

या छापखान्याचे महत्त्व काळाच्या संदर्भात ध्यानात येते. त्याच सुमारास सोव्हिएत राज्यात तातार भाषेची अरबी लिपी मोडून रोमन लिपी आणली जात होती. १९३९ पासून सिरिलिक आली. म्हणजे मायभूमीत जी अक्षरे परकी ठरत होती, ती टोकियोत खिळ्यांवर जुळवली जात होती. मोडी मागे पडल्यावर घरचेच दप्तर वाचता न येणे म्हणजे काय, हे जाणणाऱ्या मराठी वाचकास या धडपडीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

मशीद उभी राहिली ती मात्र केवळ या समाजाच्या इच्छेने नव्हे. आशियातील मुस्लिम जगताची मैत्री तत्कालीन जपानी राज्यकर्त्यांना हवी होती. जपानी धनिकांचे साहाय्यही मिळाले. १२ मे १९३८ रोजी थाटाने उद्घाटन झाले. ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, त्या कुर्बान अलींना त्याआधीच जपान सोडावे लागले होते. पुढच्याच वर्षीच्या धर्मसंस्थाविषयक कायद्यात शिंतो, बौद्ध व ख्रिस्ती धर्मांचा नामनिर्देश झाला. इस्लामचा झाला नाही. इमारतीला मान मिळाला, धर्माला नाही.

तरीही या आश्रयाचे फळ अनपेक्षित ठिकाणी आले. मशिदीचे इमाम, प्रवासलेखक अब्दुर्रशीद इब्राहिम यांच्याकडे तोशिहिको इझुत्सु हा तरुण जपानी अभ्यासक अरबी शिकला. मूळ अरबीवरून थेट जपानीत झालेला कुराणाचा पहिला अनुवाद त्याचाच. तो १९५७-५८ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांच्या हिशेबात हा लाभ कोठेच नव्हता.

महायुद्धानंतर अनेक तातार तुर्की नागरिक झाले आणि पुष्कळसे तुर्कस्तान व अमेरिकेकडे गेले. जीर्ण झालेली मशीद १९८६ मध्ये पाडण्यात आली. तुर्कस्तानच्या पुढाकाराने त्याच जागी ऑटोमन शैलीची नवी मशीद आणि तुर्की संस्कृती केंद्र उभे राहिले. ते ३० जून २००० रोजी खुले झाले. आज तेथे नाना देशांचे मुसलमान नमाजाला येतात, जपानी अभ्यागतही येतात. हे भरभराटीचे लक्षण खरेच. परंतु ‘तुर्की’ या नावाखाली ‘तातार’ हे नाव झाकले जाते, हेही तितकेच खरे. पडलेली वास्तू पुन्हा बांधता येते. विखुरलेल्या समाजाची वाचण्याची सवय तशी बांधता येत नाही. म्हणूनच या मशिदीचा इतिहास लिहिणाऱ्याने घुमटाकडे पाहण्यापूर्वी ती छापील पाने उलटावीत, असे आम्ही म्हणतो.