ओगावा, योको

(३० मार्च १९६२–    ). जपानी कादंबरीकार व कथाकार. जन्म ओकायामा येथे. तोक्योच्या वासेदा विद्यापीठात साहित्याचे शिक्षण. पदवीनंतर एका वैद्यकीय विद्यापीठात सचिव म्हणून नोकरी केली. विवाहानंतर ती सोडली. लहानपणी वाचलेल्या ॲन फ्रँकच्या रोजनिशीचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. ॲनविषयी त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले आहे (१९९५).

पहिल्या कथेला १९८८ मध्ये नवोदितांसाठीचे काइएन पारितोषिक मिळाले. गरोदर बहिणीची नोंदवही ठेवणाऱ्या तरुणीची निनशिन् कारेंदा ही कथा अकुतागावा पारितोषिकाची मानकरी ठरली (१९९१).

हाकासे नो आइशिता सूशिकि (२००३) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय कादंबरी. १९७५ मधील अपघातानंतर केवळ ८० मिनिटांचीच नवी स्मृती टिकणारा गणितज्ञ, त्याच्याकडे कामाला येणारी स्त्री आणि तिचा १० वर्षांचा मुलगा यांची ही कथा. त्या स्त्रीची जन्मतारीख २० फेब्रुवारी, म्हणजे २२०. गणितज्ञाच्या घड्याळावरील अंक २८४. या मित्रसंख्या होत : मूळ संख्या वगळून २२० च्या विभाजकांची बेरीज २८४ येते आणि २८४ च्या विभाजकांची २२०. बेसबॉलपटू एनात्सू यांचा क्रमांक २८ ही परिपूर्ण संख्या (१+२+४+७+१४). ऑयलरच्या सूत्रालाही कथानकात महत्त्वाचे स्थान आहे. संख्यांच्या गुणधर्मांतून माणसांचे नाते इतक्या सहजतेने उभे करणारी कादंबरी विरळाच. तिला योमिउरी पारितोषिक व ग्रंथविक्रेत्यांच्या मतांवर ठरणारे पहिले होन्या पारितोषिक मिळाले (२००४). तिच्यावरील चित्रपट २००६ मध्ये प्रदर्शित झाला. गणितज्ञ मासाहिको फुजिवारा यांच्याशी ओगावा यांनी केलेला गणितविषयक संवादही ग्रंथरूपात प्रसिद्ध आहे (२००५).

हिसोयाका ना केश्शो (१९९४) या कादंबरीत एका बेटावरून वस्तू व त्यांच्या आठवणी एकेक करून नाहीशा होतात आणि स्मृतिपोलीस विस्मरण सक्तीचे करतात. ती हुकूमशाहीचे रूपक मानली जाते; काहींच्या मते तिचा मुख्य विषय वियोग हा आहे. स्टीफन स्नायडर यांचा इंग्रजी अनुवाद २०१९ मध्ये आला व २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचला.

इतर उल्लेखनीय लेखन : होतेरु आइरिस (१९९६), मीना नो कोशिन् (२००६, तानिझाकी पारितोषिक).

शांत, नेमके निवेदन आणि त्याखाली दडलेले क्रौर्य हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य. २००७ पासून त्या अकुतागावा पारितोषिकाच्या निवड समितीवर काम करू लागल्या.