सी ड्राइव्ह, सकळ लिपी आणि हरवलेली किल्ली

संगणकाच्या सी ड्राइव्हवरची जागा संपत आली, ही वाङ्मयाच्या अभ्यासकाने दखल घ्यावी अशी घटना आहे काय? आमच्या मते आहे. काय ठेवावे आणि काय पुसावे, हा निर्णय अशा वेळी घाईने घेतला जातो. आणि अशाच निर्णयांतून वाङ्मयाचा इतिहास उरतो किंवा बुजतो.

आधी थोडा पूर्वेतिहास. व्यक्तिगत संगणकात आरंभी ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी होती. १९८३ मध्ये आयबीएमच्या 'एक्सटी' संगणकात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली आणि सी हे अक्षर तिच्या वाट्याला गेले. पुढे कार्यप्रणाली याच ड्राइव्हवर नांदू लागली आणि तिचा पसारा वाढत गेला: तात्पुरत्या फायली, अपडेटचे अवशेष, मेमरी अपुरी पडल्यास वापरायची राखीव फाइल. विंडोज ९५ मध्ये 'रीसायकल बिन' आली. तीत टाकलेली फाइल बिन रिकामी होईपर्यंत जागा अडवूनच बसते. विंडोज ९८ बरोबर 'डिस्क क्लीनअप' आले. प्रणालीचा केरकचरा वेगळा काढून दाखवणे हे त्याचे काम.

आपल्याकडे मात्र ड्राइव्ह भरली की 'फॉरमॅट मारणे' हाच उपाय दीर्घकाळ रूढ होता. 'डेस्कटॉप' आणि 'माय डॉक्युमेंट्स' हे दोन्ही मुळात सी ड्राइव्हवरच असतात, याचे भान थोड्यांनाच असे. त्याहून सूक्ष्म हानी फाँटची होती. युनिकोड रुळण्यापूर्वी शोधनिबंध, दिवाळी अंक, कवितासंग्रह ज्या फाँटमध्ये जुळवले जात, त्यांत फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन वर्णांचेच संकेत साठवलेले असत. त्यांना देवनागरी रूप देई तो फाँट, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. तो फाँट सी ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरात राही. फॉरमॅटबरोबर तो गेला की डी ड्राइव्हवर जपलेला मजकूरही निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन बसे. संहिता शाबूत, किल्ली गहाळ!

विदर्भातील वाचकाला येथे सकळ लिपीचे स्मरण व्हावे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या शतकानुशतके मठांत सुरक्षित राहिल्या. पण पंथाबाहेरच्या वाचकाकडे संकेताची किल्ली नसल्याने मराठीच्या आद्य गद्याचा मोठा भाग वाङ्मयेतिहासाला जवळजवळ अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींनी ती कोडी उलगडली. पुढे नागपूर हे या अभ्यासाचे एक प्रमुख केंद्र झाले. ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्रा'चे भाग संपादिले; नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. महानुभावांनी किल्ली निदान परंपरेने जपली होती, म्हणूनच हे शक्य झाले. आपण मात्र ती चार-दोन मेगाबाइट वाचवण्यासाठी पुसून टाकतो.

हिशेबही पाहावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तीनशे पानांची कादंबरी धरली तरी केवळ मजकूर दीड मेगाबाइटच्या आसपास भरतो. मोबाइलवरची एक मिनिटाची चित्रफीत याच्या कित्येक पट जागा खाते. म्हणजे मराठी मजकूर पुसून जागा मोकळी होते, हा निव्वळ भ्रम आहे.

तेव्हा क्रम असा असावा. प्रथम बिन रिकामी करावी, तात्पुरत्या फायली आणि अपडेटचे अवशेष डिस्क क्लीनअपने काढावेत. मग चित्रफिती, छायाचित्रे, डाउनलोड केलेल्या जड फायली अन्य ड्राइव्हवर हलवाव्यात. विंडोजच्या फोल्डरात हाताने काही पुसू नये. जुन्या फाँटमधील लेखनाची युनिकोड प्रत करून ती मुळाशी ताडून पाहावी. तोवर मूळ फाइल आणि तिचा फाँट एकत्र, दोन ठिकाणी ठेवावेत.

पोथीला वाळवी लागते, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते. म्हणून ते नकला करून ठेवीत. आज जागा करण्यापूर्वी नक्कल करणे, एवढा धडा त्यांच्याकडून घेतला तरी उद्याच्या संशोधकाला आपल्या पिढीचे लेखन कोडे म्हणून सोडवावे लागणार नाही.