जंतूंची जमीन

वाण्याच्या दुकानात ‘चायना ग्रास’ या नावाने पांढऱ्या, चिवट पट्ट्यांचा किंवा पुडीतल्या भुकटीचा जो जिन्नस मिळतो, आणि दुधात उकळून ज्याची थरथरती वडी आपल्या घरांतून पाडली जाते, तो गवत मुळीच नव्हे. ती समुद्रातल्या लाल शेवाळाची खळ असून तिचे मलयी नाव अगर-अगर असे आहे. उदबत्तीतल्या सुगंधी अगरूशी तिचा काही संबंध नाही. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नित्य नवी उपकरणे दाखल होत असली, तरी त्यांतील कित्येकांचे काम ज्या भूमीवर चालते ती भूमी ही खळच आहे, म्हणून तिचे कुळ विचारणे मला अगत्याचे वाटते.

जपानी परंपरा सांगते की, १६५८ च्या सुमारास क्योतोजवळच्या फुशिमी येथील मिनो तारोझाएमोन नावाच्या एका सराईवाल्याने सरदाराच्या पंक्तीतून उरलेली शेवाळाची खळ अंगणात टाकून दिली; ती रात्री गोठे, दिवसा वितळे, आणि असे काही दिवस गेल्यावर तिचे पाणी निघून जाऊन कोरडा, पांढरा, हलका पदार्थ मागे राहिला, जो पुन्हा उकळला असता पहिल्यापेक्षा स्वच्छ व समुद्राच्या वासावाचून थिजला. त्याला ‘कांतेन’, म्हणजे थंड आकाश, हे नाव पडले. कोरडी झालेली खळ टिकाऊ झाली आणि गलबतांवर चढून दूरदेशी जाऊ लागली.

इकडे जर्मनीत रॉबर्ट कोख यांच्यापुढे निराळाच पेच होता. मांसरसात वाढवलेले जंतू एकमेकांत मिसळून जात. एका जातीचा निखळ वंश हवा असेल, तर जंतू जिथे पडेल तिथेच रुजेल अशी घट्ट जमीन पाहिजे. त्यांनी प्रथम बटाट्याचे काप घेतले, मग जिलेटिन घेतले. पण जिलेटिन शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांना, पातळ होई, आणि रोगजंतू तर त्याच उष्णतेत वाढवायचे. शिवाय कित्येक जंतू ते जिलेटिनच पचवून त्याचे पाणी करीत.

हवेतील जंतूंचा अभ्यास करणारे डॉक्टर वाल्टर हेसे याच संकटात होते, आणि १८८१ साली त्यांनी आपल्या पत्नीला, फॅनी यांना, विचारले की, तुझ्या मुरंब्यांच्या व खिरींच्या खळी उन्हाळ्यातही कशा विरघळत नाहीत. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या बाईंना त्यांच्या बालपणीच जावा बेटात राहून आलेल्या एका डच परिचितांकडून अगराची माहिती मिळाली होती. हेसे यांनी ती कोखना कळवली. अगर सुमारे ८५ अंशांना वितळतो आणि पुन्हा थिजतो तो मात्र ४० अंशांच्या खाली आल्यावर. या मधल्या ऐसपैस अंतरामुळे तो कोमट असताना ओतता येतो, आणि एकदा बसला की ३७ अंशांना हलत नाही. त्याहून मोठा गुण असा की, बहुतेक जंतूंना तो खाता येत नाही.

१८८२ च्या आपल्या क्षयजंतूविषयीच्या निबंधात कोखनी अगराचा ओझरता उल्लेख केला. हेसे दांपत्याचे नाव त्यात आले नाही. एवढ्या थोर शास्त्रज्ञाच्या लेखणीतून ही नोंद राहून जावी, याचा मला आजही विषाद वाटतो.

१८८७ साली जर्मन जंतुशास्त्रज्ञ पेट्री यांनी झाकणाची उथळ काचबशी दिली आणि जमिनीला बांध मिळाला.

या खळीचा एक दुःखद अध्याय मुंबईत घडला. जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी प्लेगची लस आधी मांसरसात तुपाचे थेंब सोडून वाढवली होती, आणि त्या थेंबांखाली जंतूंचे झुंबर लोंबत असे. परंतु १९०२ साली मागणी अफाट वाढल्यावर परळच्या प्रयोगशाळेत अगरावर जंतू वाढवण्याची व कार्बोलिक ॲसिड वगळण्याची जलद पद्धत आली. त्याच वर्षी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी बसली, नवी पद्धत व हाफकिन दोघेही आरोपी ठरले. खरा दोष गावातच घडला होता: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. हाफकिन यांच्या माथ्यावरचा डाग पुसला जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले.

पुढे १९६१ साली उप्साला येथे स्टेलन येर्तेन यांनी अगरातून अगारोज हा निर्मळ अंश वेगळा काढण्याची रीत दिली. त्याच्या पातळ लादीत विद्युत्प्रवाह सोडला की डीएनएचे लहान तुकडे झपाट्याने पुढे सरकतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि त्यांची वर्गवारी आपोआप लागते. ज्या खळीने जंतू वेगळे केले, तीच आता रेणू वेगळे करू लागली.

फॅनी हेसे १९३४ साली वारल्या. १९३९ साली हिचेन्स व लायकिंड या दोन अमेरिकी संशोधकांनी अगराच्या आगमनाची हकिकत छापून सुचवले की, साध्या अगराला यापुढे ‘फ्राऊ हेसे यांचे माध्यम’ म्हणावे. ती सूचना दफ्तरातच राहिली, आणि प्रयोगशाळांच्या फडताळांतल्या बरण्यांवर आजही ‘अगर’ एवढेच लिहिलेले असते.