आकडा आणि वेळ

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात. तिथं विटा थापायचं काम बरेचदा मध्यरात्रीनंतर सुरू होतं. ऊन चढायच्या आत आटपायचं असतं. अशा माणसाचं वजन घटलं, रंग काळवंडला, उठताना भोवळ आली, तर आपण म्हणतो, ऊन आणि उपासमार. बहुधा ते खरंही असतं. पण नेहमीच नाही.

१८५५ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी अशाच ११ रुग्णांची हकिगत छापली. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्यांच्यात बिघडल्या होत्या. अनेकांच्या क्षयानं पोखरल्या होत्या. क्षय आपल्याकडून अजून गेलेला नाही, म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

ॲडिसनना खात्री पटायची ती शवविच्छेदनात. जिवंत माणसाचं काय? या ग्रंथींच्या संप्रेरकांच्या शोधासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल मिळालं. पण रक्तात ती अत्यल्प असतात. १९६० च्या सुमारास रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण वापरून रक्तातलं इन्शुलिन मोजलं. त्याच वाटेनं पुढं कॉर्टिसॉलही थोडक्या रक्तात मोजता आलं. १९७७ च्या नोबेलवर यॅलोंचं नाव होतं; बर्सन तेव्हा हयात नव्हते.

मी कवितेचा माणूस. शब्द एकटा काही सांगत नाही, मागचं-पुढचं ठाऊक असावं लागतं. हा आकडाही तसाच. कॉर्टिसॉल पहाटे चढतं, जाग येते तेव्हा भरात असतं, मध्यरात्री तळाला जातं. म्हणून रक्त सकाळी ८ च्या सुमारास घेतात. तेव्हा डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी भरलं तर धोका. १८ च्या वर असलं तर ग्रंथी बहुधा ठीक. मधल्या आकड्यासाठी ग्रंथीला चेतवणारं इंजेक्शन देऊन, अर्ध्या-एक तासानं पुन्हा रक्त तपासतात. मोजण्याच्या रीतीप्रमाणे या सीमा थोड्या बदलतात.

पण रात्रभर विटा थापणाऱ्याची सकाळ कुठली? त्याच्या शरीराचं घड्याळ वेगळं चाललेलं असू शकतं. झोपेच्या वेळा डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही; त्यांनी ग्रंथी सुस्तावते, आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं.

कागदावर आकडा यंत्र लिहितं. त्यामागची रात्र मात्र आपणच सांगायची असते.