जुनेर, सुई आणि पायमशीन

खुलताबादला औरंगजेबाची कबर पाहायला गेलेल्या माणसाला टोप्यांची गोष्ट ऐकल्याशिवाय परत येता येत नाही. बादशहा फावल्या वेळात टोप्या शिवायचा आणि त्यांच्या विक्रीतून आलेल्या १४ रुपये १२ आण्यांत ही कबर झाली, असं सांगतात. त्याच्या नावावर असलेल्या मृत्युपत्रातला हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे टोप्यांचे ४ रुपये २ आणे आहेत आणि ते कफनासाठी आहेत. कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये फकिरांना वाटायचे आहेत. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी हा मजकूर इंग्रजीत आणला त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली, पण कबरीपाशी अजून १४ रुपयेच चालतात.

१७०७ साली भिंगारजवळ वारलेल्या बादशहाला इथे आणलं ते झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात. त्याच दर्ग्यात पैगंबरांचा मानला जाणारा झगा जपून ठेवलेला आहे आणि वर्षातून एकदा, ईद-ए-मिलादला, तो पाहायला गर्दी लोटते. सुफी परंपरेत गुरूने शिष्याला द्यायची खूण म्हणजे खिरका, म्हणजे अंगरखा, आणि तो ठिगळांचा असला तर त्याचा मान अधिक. नाथपंथी जोग्याची कंथा त्याच जातीची. अलीकडच्या काळात गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबाबा’ आणि ‘चिंधेबुवा’ म्हणत, तेही अंगावरच्या चिंध्यांवरूनच. ठिगळाला एवढी प्रतिष्ठा असलेल्या या मुलखात घरोघरच्या गोधडीची नोंद मात्र बराच काळ कुणी ठेवली नाही. पैठणीवर आणि हिमरूवर लिहायला सगळे तयार. जी रोज अंगावर असते तिच्यावर कोण लिहिणार?

खुलताबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटरवर, दौलताबादचा घाट चढून आल्यावर लागतं. पौष-माघातला गारठा इथे अंगाला लागतो. ज्याच्या हाताशी पैसा तो पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून लेप किंवा रजई करून घेई. बाकीच्यांच्या वाट्याला गोधडी.

गोधडीचं माप ठरवलं ते नऊवारीनं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. फाटायला आलेलं लुगडं, म्हणजे जुनेर, चार पदरी दुमडलं की पावणेसात फूट लांब, चार फूट रुंद आणि चार थरांचं अंथरूण आयतंच तयार होतं. माणूस पाय पसरून निजतो तेवढी ही लांबी. नवराबायको आणि दोन पोरं एका गोधडीत घालायची असतील तर दोन लुगडी शेजारी जोडायची, पोटात धोतरं, धडपे, सदऱ्यांचे पाठपोट भरायचे आणि वरून एक बरं दिसणारं लुगडं घालायचं. लुगडं ज्या ठिकाणी जास्त विरलेलं असेल तिथे आधीच दंड घातलेला असे, म्हणजे मधला भाग काढून उरलेली टोकं जोडलेली. तो दंडही गोधडीत जाई.

शिवणं जमिनीवर. सारवलेल्या अंगणात थर पसरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाण्यानं भरलेली भांडी ठेवायची, लांब लांब टाके घालून थर एकत्र धरायचे. मग शिवणारी बाई गोधडीवरच बसते आणि कडेनं धावदोरा सुरू करते. एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत सरकायचं, पुन्हा फेरा. डावा तळवा कापडावरून पुढे फिरत राहतो. जो झोळ, जी चुणी असेल ती तळव्याखालून मधल्या रिकाम्या जागेकडे ढकलली जाते. चार बायका चार बाजूंना बसल्या की गप्पांची पंगत बसते आणि चौकोन लहान होत होत मध्यावर येतो. जवळून पाहिलं तर कोण कुठे बसली होती ते टाक्यांवरून ओळखता येतं: एकीचा टाका गव्हाएवढा, दुसरीचा भुईमुगाच्या शेंगेएवढा.

टोप्यांचे पैसे मोजले गेले, तर गोधडीचे टाकेही एकदा मोजायला हरकत नाही. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी घ्या. एकेका इंचावर रेघ धरली तर दोऱ्याची वाट ५०४० इंच होते, म्हणजे ४२० फूट. इंचाला चार टाके धरले तर वीस हजारांच्या वर. रेघा अर्ध्या इंचावर आल्या की हाच आकडा चाळीस हजारांवर जातो. आणि एवढं करून कुणाला मजुरी मिळत नसे, कारण घरच्या गोधडीला काम म्हणायची पद्धत नव्हती.

एलियास हाउने अमेरिकेत शिवणयंत्राचं पेटंट १८४६ साली घेतलं. त्याचं यंत्र मिनिटाला २५० टाके घाली. इंचाला आठ टाके धरले तर वरची गोधडी पावणेतीन तासांत संपायला हवी! आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. पुढे त्याच्या कंपनीनं हप्त्यांवर यंत्रं विकायची शक्कल काढली आणि तिकडे यंत्र घरोघर पोचलं. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या मुंबईच्या पारशी गृहस्थांकडे होता. त्यांची अडचण वेगळीच होती. इथे बायका लुगडं नेसतात आणि पुरुष धोतर. न शिवलेलं कापड नेसणाऱ्या देशात शिवणयंत्र विकायचं कुणाला? लुगड्याला आयुष्यात भरपूर शिवण लागते ती एकदाच, त्याची गोधडी होताना. आणि नेमकं तिथे यंत्राचं काही चालत नव्हतं.

गांधीजींचा यंत्रांवरचा राग सर्वांना ठाऊक, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या यंत्राला त्यातून सूट दिली. बायकोचं हातशिवणीचं कष्टाचं काम पाहून सिंगरनं प्रेमापोटी ते बनवलं, अशी त्यांची समजूत. सिंगर चरित्रानं तसा नव्हता. एकाच वेळी अनेक संसार चालवणारा आणि पैशावर नजर असलेला गडी होता तो. पण यंत्र चांगलं होतं, यात वाद नाही.

मग गोधडीवर ते का चाललं नाही? पहिली गोष्ट, यंत्र शिंप्याच्या ओसरीवर आलं. ते पुरुषाचं, पैशाच्या कामाचं. गोधडी बाईची, अंगणातली. दुसरी गोष्ट साध्या मापाची. पायमशीनच्या सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जेमतेम वीतभर जागा असते. सात फुटांची, सहा-सात थरांची गोधडी गुंडाळून त्या विताखालून ओढायची म्हणजे गाढवाला पिशवीत कोंबण्यासारखं. खालचे दाते तळचं कापड पुढे नेतात आणि वरचं मागे रेंगाळतं, की चुण्या पडल्याच. म्हणून यंत्रावर मधून सुरुवात करून कडेकडे जावं लागतं. हाताची रीत कडेकडून मध्याकडे, यंत्राची बरोबर उलटी.

तिसरं कारण जुनेराचं, आणि खरा निकाल त्यानंच लावला. यंत्राची टीप दोन धाग्यांची असते. वरचा रिळातून, खालचा बॉबिनमधून येतो आणि कापडाच्या पोटात दोघांची गाठ पडते. ती घट्ट बसते, हलत नाही. नव्या कापडाला हे भूषण. वीस वर्षं धुतलेल्या लुगड्याला मात्र ही टीप म्हणजे पावतीपुस्तकातली टिंबांची रेघ. जरा ओढलं की तिथूनच फाटतं. धावदोऱ्याचा एकच धागा कापडाबरोबर थोडा सरकतो, ओढ सोसतो. एखादा थर गेला तर तेवढेच टाके उसवून वर दुसरं जुनेर घालता येतं. अशी भर पडत पडत गोधडी दर काही वर्षांनी जड होत जाते आणि ओली झाली की पिळायला दोघी लागतात.

म्हणूनच शिंप्याच्या ओसरीवर पायमशीन खडखडत असतानाही शेजारच्या अंगणात सुईनं गोधडी शिवली जात होती. यंत्रानं तिला हरवलं असं सरसकट म्हटलं जातं, ते तितकंसं खरं नाही. हरवलं ते जुनेर संपल्यानं. नऊवारी जाऊन पाचवारी आली, मग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पॉलिस्टर घरोघर शिरलं. पॉलिस्टरची साडी विरत नाही, घाम टिपत नाही, थरावर थर ठेवला की निसटते. सुईला ती त्रास देते, पण यंत्राच्या टिपेनं फाटत नाही. त्यात जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांतून अनुदानावर शिलाई यंत्रं मिळू लागली आणि यंत्र ओसरीवरून घरात आलं. आता बाजारात चौकड्यांची, टीप मारलेली, हलकी गोधडी मिळते. वॉशिंग मशीनमध्ये मावते, हा तिचा मोठा गुण. जुनी गोधडी त्यात घातली तर यंत्र तरी बंद पडेल नाहीतर गोधडी तरी.

हाच वाद साता समुद्रापार मोठ्या प्रतिष्ठेचा झाला. अमेरिकेत केंटकीतल्या पडुका इथल्या मानाच्या प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर शिवलेल्या गोधडीला पहिला मान मिळाला आणि हातशिवणीवाल्यांत खळबळ उडाली. यंत्रावर शिवलेलं काम तिथे पहिलं येण्याची ती पहिलीच वेळ. इकडे मुंबईच्या गीता खांडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या जमवून, पाहून त्यांवर पुस्तक केलं. आपल्या वाकळा आणि गोधड्या देखण्या असतात हे अनेक शहरी घरांना त्या बाहेर गाजू लागल्यावर कळलं. तोवर त्या माळ्यावर होत्या, नाहीतर कुत्र्याखाली.

आज ज्या घरी अजून गोधडी होते तिथे बहुधा दोन्ही वापरतात. तुकडे जोडायचे ते यंत्रावर, कडेची पट्टीही यंत्रावर, कारण तिथे वीतभर जागा पुरते. थर धरायचे मात्र हातानं, जमिनीवर बसून. बाळाचं दुपटं असेल तर वरचं कापड आजीच्या सुती पातळाचं हवं, असा हट्ट असतो. ते घरात नसलं तर कुठल्या मावशीच्या, आत्याच्या ट्रंकेत तळाशी एखादं उरलंय का, याची फोनाफोनी सुरू होते.