उन्हाळ्यात घर थंड, वीजबिल कमी : पत्र्याच्या आणि वरच्या मजल्यावरच्या घरांसाठी माहिती

एप्रिल-मे महिन्यात मालेगाव, नागपूरचा मोमिनपुरा किंवा औरंगाबादच्या जुन्या मोहल्ल्यांत दुपारी घरात थांबणं कठीण होतं. कामावर जाणारा माणूस निदान बाहेर पडतो. पण महिला, लहान मुलं आणि बुजुर्ग दिवसभर त्याच खोलीत असतात. वर पत्रा, समोर दुसऱ्याची भिंत आणि खिडकी बंद. प्रत्येकाला एसी परवडत नाही, आणि घेतला तरी बिल परवडत नाही. म्हणून कमी खर्चाचे, खात्रीचे उपाय इथे एकत्र देत आहोत.

सुरुवात छतापासून

वरच्या मजल्यावरच्या घरात सर्वाधिक उष्णता छतातून येते. सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो. म्हणून पत्र्याच्या घरात दुपार जास्त वाईट असते आणि स्लॅबच्या घरात रात्र.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे छत पांढरं करणं. पांढरा रंग ऊन परत फेकतो. स्लॅबवर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना आदल्या दिवशी भिजवून, गाळून घ्यावा आणि तो धरून राहावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉलसारखा डिंक घालावा. चुना भिजवताना उकळतो, डोळ्यांत गेला तर इजा होते. म्हणून मुलांना लांब ठेवा. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे छतासाठीचा पांढरा रंग घ्यावा. अहमदाबाद महापालिकेने 2013 साली उष्माघात रोखण्यासाठी आराखडा केला. पुढे तिथे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. तेलंगणा सरकारने तर 2023 मध्ये थंड छतांचं वेगळं धोरणच आणलं.

दुसरा उपाय सावलीचा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी जाळी किंवा बांबूचे तट्टे बांधा. मधून हवा खेळली पाहिजे. जाळी पत्र्याला चिकटवून टाकली तर फायदा कमी होतो. आतून थर्माकोल लावणारे बरेच आहेत, पण तो पटकन पेट घेतो. चुलीच्या किंवा वायरिंगच्या जवळ तो नकोच.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या, एकाला पांढरा रंग द्या, दोन्ही तासभर उन्हात ठेवा आणि हात लावून पाहा. मुलं घरी जाऊन स्वतःच वडिलांच्या मागे लागतील.

खिडकी आणि पडदा

ऊन काचेतून आत आलं की आतला पडदा फारसं काही करू शकत नाही. ऊन बाहेरच अडवायला हवं. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून चिक किंवा ताडपत्रीची झडप लावा. दाट वस्तीत समोरच्या घरातून दिसतं म्हणून अनेक घरांत खिडकी उघडतच नाहीत. बांबूच्या चिकामुळे बाहेरचं आत दिसत नाही आणि हवाही येत राहते. पडदाही राहतो, वाराही मिळतो.

वेळ सांभाळणं महत्त्वाचं. फजरच्या आसपास हवा सर्वात थंड असते, तेव्हा सगळी दारं-खिडक्या उघडा. सकाळी नऊ-साडेनऊनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम होते, तेव्हा बंद करा. मगरिबनंतर बाहेर गार वाटू लागलं की पुन्हा उघडा. दुपारचा स्वयंपाकही सकाळीच, प्रेशर कुकरमध्ये उरकला तर घरात उष्णता कमी साठते आणि गॅसही वाचतो.

कूलर कुठे चालतो?

कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, त्यामुळे हवा कोरडी हवी. मालेगाव, जळगाव, नागपूरला तो उत्तम. मुंब्रा, भिवंडी, मुंबईच्या दमट हवेत मात्र त्याने चिकचिक वाढते. तिथे पंखा आणि आरपार हवा यांवरच भर द्या. कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा ठेवा आणि समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. टाकीला हात लावण्याआधी प्लग काढा.

पाण्याने गारवा मिळवणं आपल्याकडे जुनंच आहे. औरंगाबादच्या पाणचक्कीत हौदाच्या खालीच दालन बांधलेलं आहे. वर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही गार राहतं.

पंखा, एसी आणि बिलाचा हिशोब

साधा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा, तर बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. रोज 15 तास चालवला तर साधा पंखा महिन्याला जवळपास 34 युनिट खातो, बीएलडीसी 14. म्हणजे एका पंख्यामागे 20 युनिट वाचले. महावितरणचा दर 100 युनिटनंतर आणि पुन्हा 300 नंतर चढतो. दोन पंखे बदलून 130 युनिटचं घर 90 वर आलं, तर महागड्या टप्प्यात जायचंच टळतं.

एसी असेल तर 24 ते 26 वर ठेवून सोबत पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. 18 वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, फक्त मशीन जास्त वेळ चालते. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

बुजुर्ग आणि बाळांची काळजी

खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. अशा वेळी ओलं कापड अंगावर फिरवा, पाणी-ताक देत राहा आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे बसवा. अंग तापलं, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका आणि लगेच 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

सगळं एकदम होणार नाही. या वर्षी छत पांढरं करा, पुढच्या वर्षी पंखे बदला. गल्लीतल्या तरुणांनी ठरवलं तर एकट्या राहणाऱ्या बुजुर्गांची छतं एका रविवारी रंगवून होतात. चुन्याचा खर्च मोठा नाही, माणसं मात्र हवीत.